रावजींची पहिली निवड

शुक्रवार, ८ नोव्हेंबर २०२४. हवा कोरडी, दिवसभर एसी लावावा लागला नाही. सकाळी मुलाने, मयुरेशने, गॅसचा सिलिंडर बदलला. दिवाळीचा उरलेला चिवडा संपवला. दुपारी दोनला रावजी आले. पाचला कबड्डीच्या संघांसाठी खेळाडूंची निवड.

दुपारी रोजनिशीत एवढंच लिहिलं होतं. रावजींविषयी मात्र सविस्तर लिहायला हवं.

रावजी मूळचे खेडचे. बहारीनमध्ये एकतीस वर्षं झाली. हिद्दला एका कंपनीत क्रेनला लावायचे पट्टे आणि साखळ्या तपासतात. पट्ट्याची शंका आली तर तो नुसता टाकायचा नाही, कापून दोन तुकडे करायचे, म्हणजे कुणी कचऱ्यातून उचलून पुन्हा वापरणार नाही. ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरलेली, की एकदा आमच्या गॅलरीतली दोरी झिजलेली दिसली तर त्यांनी ती कापलीच. ओले कपडे काढायलाही थांबले नाहीत. मी चिडले तर म्हणाले, "वहिनी, शंका म्हणजे शंका."

हिद्दचा कबड्डी संघही त्यांनी याच हाताने बांधला. सगळे जपून खेळणारे, भरवशाचे. त्यामुळे सात संघांत दोन वर्षं सातवे. तिसऱ्यांदा शेवटी आलेला संघ स्पर्धेतून बाद, असा आमचा नियम आहे. आणि जूनमध्ये रावजी कायमचे गावी निघालेत. "मी गेल्यावर संघ राहिला पाहिजे," असं ते सप्टेंबरमध्ये एकदाच बोलले होते, पण तेव्हापासून त्यांचं जेवण कमी झालं होतं.

शेवटच्या संघाला पहिली निवड मिळते. यंदा चढाई करणारे दोघे मोकळे होते. एक विनीत: एकाला शिवायचं आणि परत यायचं. दुसरा उज्ज्वल, मुहर्रकला विमानतळावर सामान चढवणारा. उडी अशी, की पाय धरणाऱ्याच्या डोक्यावरून जाईल. पण चौघांच्या मधे शिरायचा आणि पकडला जायचा. त्याचा आधीचा संघ मोडला, तोही त्याच्यामुळेच, असं सगळे म्हणत.

माझे यजमान जयप्रकाश या स्पर्धेचे गुण लिहायचे. ते गेल्यापासून सहा वर्षं मी लिहिते. शाळेत सिस्टरांनी लावलेली सवय, प्रत्येक नोंदीला वेळ हवी, म्हणून प्रत्येक चढाईपुढे मी वेळ आणि तेव्हाचे दोन्ही संघांचे गुण टाकते. दुपारी रावजींना तीच वही हवी होती.

"हा पोरगा किती वेळा पकडला गेला?" त्यांनी विचारलं.

"दोन वर्षांत एकतीस वेळा."

"कापून टाका."

"थांबा ना भावजी. गुण बघा. एकतिसातल्या सव्वीस वेळा त्याचा संघ पाच किंवा जास्त गुणांनी मागे होता. पुढे असताना तो विनीतसारखाच शिवून परत येतो."

चष्मा काढून त्यांनी पानं उलटली. सगळी. मग म्हणाले, "आणि आपला संघ कधी पुढे असतो?"

"कधीच नाही."

"म्हणजे आपल्याकडे तर हा रोज पकडला जाणार!" रावजी इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

मैदानावर त्यांनी थेट उज्ज्वललाच बाजूला घेतलं. मी खुर्ची टाकून शेजारीच बसले होते.

"काय रे, एकाला शिवून परत यायला काय होतं तुला?"

"काका, आठ गुणांनी मागे असताना एक गुण घेऊन परत यायचं, म्हणजे हरायलाच परत यायचं ना? लोक म्हणतात, उज्ज्वल पकडला गेला. मी नसतो गेलो तरी हरलोच असतो."

"आणि सुरुवातीलाच पाच गुणांनी पुढे असलास तर?"

"तसं कधी झालंच नाही काका. करून बघू."

रावजी त्याच्याजवळ सरकले. त्यांनी त्याचा गुडघा, घोटा आणि खांदा दाबून पाहिला, पट्टा तपासतात तसाच, शिवणीवरून बोट फिरवत.

तेवढ्यात मुहर्रकचा कप्तान दत्तू ओरडला, "यल्ला, चला रावजी! विनीतचं नाव घ्या आणि खलास करा. माझी शिफ्ट आहे सातला. तुम्ही काय, मुदत ठेवच घेणार!"

"उज्ज्वल," रावजी म्हणाले.

कुणीतरी शिट्टी वाजवली. दत्तूने लगेच विनीतला घेतलं आणि रावजींना सलाम ठोकला. "इंशाल्ला, शेवटच्या नंबरावर भेटू!"

"तुझ्या संघाला तिथे जागा ठेवतो," रावजी म्हणाले. असं उलट उत्तर देताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

परतताना रावजी आणि उज्ज्वल दोघेही आमच्याकडे जेवायला आले. ताटं मांडेपर्यंत रावजींनी टेबलावर वाटाण्याचे दाणे मांडून उज्ज्वलला समजावलं: पहिली चढाई त्याची, पाच गुणांची आघाडी होईपर्यंत त्याला मोकळीक, त्यानंतर रावजींनी हात वर केला की फक्त शिवून परत. उज्ज्वल एक-एक दाणा खात ऐकत होता. शेवटी रावजींनी दाण्यांची वाटी त्याच्यापासून लांब ठेवली आणि जेवताना स्वतः तिसऱ्यांदा भात मागितला.

ते गेल्यावर लिहिलं: जेवायला पाचजण, मी, मुलगा-सून आणि हे दोघे. पोळ्या अठ्ठावीस केल्या, एकही उरली नाही. कणीक संपली, उद्या आणणे.