लेथचं चालू बटण

कडुलिंबाच्या ओल्या भुशाचा कडवट वास आला की मला नेकनूरचा आमचा पत्र्याचा गोठा आठवतो. म्हशी विकल्यावर निवृत्त वडिलांनी तिथं लाकूड कातायची लेथ मांडली होती. गाव म्हणायचं, या वयात देवळात बसावं. कावून बसावं? माणूस निवृत्त झाला म्हणजे संपला का? त्या दुपारी मी वीज कचेरीवर मोर्चा नेला होता आणि 'आत्ताच्या आत्ता वीज सोडा' म्हणून ओरडून घसा बसवून घेतला होता. घरी आलो, तर वडील लेथवर वाकलेले. पहिलंच लाटणं कातताना मधेच लाइट गेली होती आणि ते दोन्ही हातांनी लाकूड सोडवत होते. गळ्यातल्या उपरण्याचं टोक त्या लाकडावर लोंबत होतं. लेथचं भिंतीवरचं बटण मात्र चालूच होतं. "आबा, मागं सरका!" बसलेल्या घशातून आवाज धड निघेना. "कावून घाबरतोस? लाइट कुठं हाय?" ते मान न उचलता म्हणाले. लाइट कुठल्याही क्षणी येणार होती. वीज कचेरीतल्या साहेबानं तसा शब्द मलाच दिला होता. मी भुशावरून घसरतच भिंत गाठली, बटण बंद केलं, आणि बोट काढायच्या आत डोक्यावरचा बल्ब लागला. वडिलांनी बल्बकडं पाहिलं, मग उपरण्याकडं. ते त्यांनी गळ्यातून काढून खुंटीला अडकवलं. "तुझा मोर्चा लई जोरात झाला की रं," ते म्हणाले. मी आजही तीच घोषणा देतो, फक्त त्याआधी घरी फोन लावतो, "आबा, बटण बंद हाय का?"