पान्याशिवाय दुकान

अख्ख्या बीड जिल्ह्यात माझ्या मामांइतका उसनं मागणारा माणूस सापडायचा नाही, आणि त्याचा त्यांना चक्क अभिमान आहे. युसूफ वडगावच्या बाजारात त्यांचं पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं दुकान. तिथं तारेची भेंडोळी आहेत, बेअरिंगं आहेत, ड्रिल मशीन आहे, पण पाना नाही! बोल्ट अडला की मामा गिऱ्हाइकाला तसंच बसवून शेजारच्या बापू वेल्डरकडं जाणार. पाना मागणार, घरची खुशाली विचारणार, मग चहा पिणार. गिऱ्हाईक बिचारं जांभया देत बसणार. बापूही काही कमी नाही. त्याला भोक पाडायचं असलं की तो मामांच्या दारात. पलीकडच्या पंक्चरवाल्याला हातोडी बापूची लागते. एकाचं शटर खाली आलं की तिघांचीही कामं खोळंबतात. आजारी पडायचं तरी बाकीच्या दोघांना विचारून पडत असतील!

एकदा मी पुण्याहून हौसेनं पान्यांचा अख्खा संच नेला. पेटी उघडताच मामांचं तोंड उतरलं.

“हे कामून आनलंस रे? दुकान बंद पाडतो का माझं?”

“अहो मामा, किती हेलपाटे घालता!”

“येड्या, माझ्याकडं समदं असल्यावर मी कुनाकडं जाऊ? अन् माझ्याकडं कोन येईल?”

संध्याकाळच्या आत मोठे पाने बापूकडं गेले, बारके पंक्चरवाल्याकडं. रिकाम्या पेटीत आता मामांचे शेंगदाणे असतात.

यंदा मामांचे हात थरथरायला लागले. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी बारीक काम बंद करायला सांगितलं. “आता शटर वढा अन् घरी बसा,” मामी म्हणाली. त्या दिवसापासून मामा बापूकडं चहालासुद्धा जाईनात. मला ते बघवेना. दुकान आवरायला त्यांच्यासोबत मीच गेलो. मी कुलूप लावलं, किल्ल्या माझ्या खिशात टाकल्या, तेवढ्यात बापू आला.

“मामा, उद्या जरा लवकर उघडा. ड्रिलचं काम लई हाय.”

“मशीन तुमच्याकडंच घेऊन जा ना,” मी म्हणालो. “मामा आता दुकान बंद करतायत.”

बापूनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. “न्हाई बा. माझ्याकडं जागा कुठंय?”

बापूच्या दुकानात उसाची अख्खी ट्रॉली उभी राहते. मामांनाही ते ठाऊक आहे.

मामांनी घसा खाकरला. “उघडतो की. पाना तेवढा घेऊन ये,” ते म्हणाले, आणि किल्ल्यांसाठी माझ्यापुढं थरथरता हात केला.