झावळ्यांचा मांडव

“मावशी, मांडवासाठी कुणाला सांगू?” लग्न ठरलेल्या भाचीनं विचारलं. मी म्हटलं, “आधी शेजाऱ्यांना.” अंगणातल्या सुक्या झावळ्यांच्या वासानं मी केव्हाच २०१६च्या मे महिन्यात, चिखल्याला माहेरी पोचले होते.

माझ्या लग्नाच्या आदल्या दुपारी समुद्रावरच्या वाऱ्यानं आमचा भाड्याचा कापडी मंडप फाडून टाकला. बाबा डोकं धरून बसले, मी रडायला लागले. शेजारच्या मंगूकाकी म्हणाल्या, “रडतेस काय पोरी? लगीन काय तुझ्या एकटीचं आहे?” संध्याकाळपर्यंत पाड्यातल्या घराघरातून माडाच्या झावळ्या आल्या, मांडव उभा राहिला.

त्या कुठून आल्या, हे मला दुसऱ्या दिवशी सासरी निघताना दिसलं. पाड्यातल्या सगळ्या पडव्यांची छपरं उघडी होती, आणि माणसं तिथंच उन्हात उभी राहून मला हात हलवत होती.