पाणपोईवरचा उकंडा

राजदीपला मी किती ओळखत होतो, असं कुणी विचारलं तर खरं उत्तर फार थोडं आहे. सव्वा वर्ष आम्ही जवळजवळ रोज बोललो, पण त्याचं नाव राजदीप आहे हे मला तो गेल्यावर कळलं. त्याचा चेहरा पहिल्यांदा पाहिला तो हार घातलेल्या फोटोत. वयसुद्धा मी चुकीचं धरलं होतं. मला वाटायचं, हा माझ्याहून दोन-चार वर्षांनी मोठा असेल. तो चौतीस वर्षांचा होता आणि मी एकोणसत्तर.

लिहिण्याची मला सवय नाही. दारव्ह्याच्या पोस्टात छत्तीस वर्षं दुसऱ्यांची पत्रं हाताळली, स्वतः फारशी लिहिली नाहीत. माझी भाची भैरवी म्हणाली, "मामा, तुम्हीच लिहा. नवीन येणाऱ्यांना कळलं पाहिजे तो कोण होता." म्हणून लिहितो. ज्यांना जास्त माहीत आहे त्यांनी माझं चुकलेलं दुरुस्त करावं.

नवीन लोकांसाठी आधी गावाचं सांगतो. नसलेगाव हे गाव नकाशात नाही. भैरवी यवतमाळला कॉलेजात शिकवते. तिने दोन हजार पंधरा साली मोबाइलवर हा गट काढला. यात प्रत्येकाने एक माणूस व्हायचं आणि त्याच्या तोंडाने बोलायचं, लिहून. कुणी शिंपी, कुणी वैद्य, कुणी भांडकुदळ सासू. भैरवी स्वतः सरपंच. पाच-पन्नास माणसं रोज थोडंथोडं लिहितात आणि गाव चालतं. नियम दोनच होते. एक, कुणाचं खरं नाव, जात, नोकरी विचारायची नाही. दुसरा, खेळ सोडून खरं काही सांगायचं असेल तर आधी "गावाबाहेर" हा शब्द लिहायचा. "गावाबाहेर : माझ्या मुलीची परीक्षा आहे, आठ दिवस येणार नाही." असं. तो शब्द नसेल तर जे लिहिलं ते खेळातलं.

माझी बायको वारल्यावर मी घरात बोलणं जवळपास सोडलं होतं. भैरवीने न विचारता मला या गटात घातलं. मी आठ दिवस नुसतं वाचत होतो. काय लिहावं हेच कळेना, आणि लिहिलेलं पन्नास जण वाचणार या विचारानेच घाम फुटायचा.

गावाच्या तोंडाशी लिंबाखाली एक पाणपोई होती. नवा माणूस आधी तिथे थांबायचा. पाणपोई चालवायचा उकंडा, म्हणजे हाच राजदीप. त्याने मला पहिल्या दिवशी लिहिलं, "काहो पाव्हणे, पानी पेता का नुसतं पाहूनच राह्यता?" मी गप्प. दुसऱ्या दिवशी सरपंचीण, वैद्य, शिंपी सगळे माझ्याभोवती जमले, तर उकंडाने सगळ्यांना हाकललं. "सरका बाजूले. मानूस लंबून आला, थकला असन. बसू द्या त्याले सावलीत." मग रोज सकाळी तो एक ओळ लिहायचा. "पाव्हणे बसूनच आहे." "पाव्हण्याईच्या अंगावर ऊन आलं, बाज सरकवली." "पाव्हण्याईचा डोया लागला, गलका करू नका." माझं न बोलणं त्याने गोष्टीत घेऊन टाकलं. मी काही न लिहिता त्या गावात राहत होतो, आणि मला त्याची लाज वाटेनाशी झाली.

नवव्या दिवशी मी एक शब्द लिहिला. "पाणी."

"घ्या. थंड हाय. गडबड नाही."

थोड्या वेळाने त्याने विचारलं, "काम कोन्तं करता?"

पोस्टात होतो असं लिहिणार होतो. पण खरं सांगायचं नाही हे आठवलं, आणि बोट कसं गेलं कोण जाणे, लिहिलं, "पहिलवान." माझं वजन तेव्हा एकावन्न किलो होतं.

"मंग उचला थे दोन बादल्या," उकंडा म्हणाला. "विहिरीपासून लिंबालोक. रोज सकाळी. नाही आले त गाव तहानीनं मरन, सांगून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला उठून मी आधी बादल्या भरल्या, म्हणजे तसं लिहिलं, आणि मग दात घासले.

पुढे त्याच्याजवळ बसून त्याची रीत मला समजली. त्याने ती कधी शिकवली नाही, माझ्या खोदून विचारण्यावर एखादं वाक्य बोलायचा. "पन्नास जन एकदम अंगावर गेले का पाव्हना पयते." "पयला परश्न असा इचारा का ज्याले उत्तर नाही देल्लं तरी चालते." "ज्याले काम देल्लं थो उद्या येते. ज्याले नुसता मान देल्ला थो घरी जाते." प्रत्येक नव्या माणसाला तो एक शेजारी नेमून द्यायचा, आणि त्या शेजाऱ्याने पंधरा दिवस रोज काहीतरी मागायला जायचं. विरजण, सुई, आगपेटी. आणि कुणी तीन दिवस दिसला नाही की उकंडा स्वतः त्याच्या दाराशी जायचा आणि कडी वाजवायचा. "घरी हाय का कोनी? म्या पाह्यलं, चूल पेटली नाही." भैरवी म्हणते, असे गट सहा महिन्यांत ओस पडतात. आमचा पडला नाही याचं कारण ती कडी होती. बडनेऱ्याची एक बाई, गावात ती कासारीण होती, तिने मागाहून मला सांगितलं की त्या कडीने तिला एका फार वाईट दिवसात उठवून बसवलं. तिने उकंडाला ते सांगितलं होतं का, असं मी विचारलं. "नाही हो. गावाबाहेर लिहायचा धीर नाही झाला."

उकंडाने स्वतः तो शब्द कधीच लिहिला नाही. सव्वा वर्षात एकदाही नाही. इतर कुणाची लग्नं, कुणाची दुखणी कळायची. त्याचं काही नाही. मला वाटायचं, असेल कुणी पेन्शनर, एकटा, माझ्यासारखा.

दोन हजार सतराचा पावसाळा संपत आला होता. आमच्याकडे त्या साली कापूस डोक्याच्या वर गेला आणि बोंडांत अळी पडली. मी पाराशी बसायचो तिथे दुसरं बोलणं नव्हतं. फवारणीवर फवारणी चालली होती आणि फवारणारी माणसं दवाखान्यात जात होती. पेपरात रोज यायचं. मी पेपर वाचून घडी घालायचो आणि नसलेगावात जायचो. तिथे पराटी, म्हणजे कपाशी, नव्हतीच. भैरवीने मुद्दामच ज्वारीचं गाव केलं होतं.

सप्टेंबरातल्या एका मंगळवारी दुपारी उकंडाने लिहिलं, "आज पानपोई लवकर बंद. डोये चुरचुरून राह्यले. हात थरथरते, मडकं धरवत नाही. तोंडाले सारखं पानी सुटून राह्यलं."

आधी गावाबाहेर हा शब्द नव्हता. आम्ही सगळे खूश झालो, कारण उकंडा स्वतःबद्दल कधी काही लिहायचा नाही. वैद्यबुवांनी, म्हणजे नंदकिशोरने, लगेच घेतलं, "काल बजारात कोनाकडं पाह्यत होता रे उकंड्या? डोये चुरचुरतीनच. कांद्याचा रस घाल, दुसऱ्याच्या बायकोकडं पाह्यनं बंद होते."

सरपंच म्हणाल्या, "ग्रामपंचायतीतर्फे उकंडाला नवीन मडकं मंजूर. जुनं त्याच्या डोक्यावर फोडण्यात यावं."

मी लिहिलं, "मडकं माझ्या खांद्यावर द्या. पहिलवान फुकट खाऊन राह्यला."

त्याने हसणारा चेहरा पाठवला.

नंदकिशोर खरा औषधाच्या दुकानात बसतो. बावीस वर्षं. ती लक्षणं त्याने त्या पंधरवड्यात दुकानाच्या पायरीवर किती जणांत पाहिली होती. तो मला नंतर म्हणाला, "काका, गावाबाहेर एवढा एक शब्द असता, तर मी स्वतः गाडी काढून गेलो असतो." मीही पेपर वाचतच होतो.

त्या संध्याकाळी उकंडाने मला एकट्याला निरोप पाठवला, की उद्यापासून पाणपोईवर तुम्ही बसा. मी बसलो. बुधवारी दोन नवे आले, मी त्याच्यासारखं केलं, आणि दोघेही टिकले. सरपंचांनी पहिलवानाचं कौतुक केलं. मला बरं वाटलं, हे लपवत नाही. उकंडा कुठे गेला असं कुणी विचारलं तेव्हा वैद्यबुवा म्हणाले, "जत्रेले गेला, बुढ्याच्या जिवाले गुदगुल्या झाल्या," आणि मग उकंडा जत्रेत काय करतो आहे यावर चार दिवस सगळं गाव लिहीत होतं. पाळण्यात बसला, जिलबी खाल्ली, पाकीट मारलं गेलं.

शुक्रवारी तीन दिवस झाले. कडी वाजवण्याचं काम त्याचं होतं. त्याची कडी वाजवायचं काम कुणालाच दिलेलं नव्हतं. मला सुचलं होतं. "घरी हाय का कोनी" एवढं लिहूनही झालं होतं. मग वाटलं, मोठा माणूस आहे, विश्रांती घेत असेल, आपण कोण त्याला उठवणारे. मी ते पुसलं.

सोमवारी सकाळी उकंडाच्या नंबरावरून गटात आलं, "मी मोनाली आहे. उकंडा आता येनार नाहीत."

मी हरखलो. मला वाटलं, जत्रेतून परतला आणि बाईचं सोंग घेऊन माझी परीक्षा पाहतो आहे, पाणपोई नीट चालवतो की नाही. मी लिहिलं, "या बाई, सावलीत बसा. आधी पाणी घ्या, मंग सांगा कोठून आल्या."

मग आलं, "यवतमायच्या दवाखान्यातून. हे काल गेले काका. सोंग नाही."

पंधरा दिवसांनी भैरवी आणि मी आर्णीकडे गेलो. तिथून सात किलोमीटर आत त्यांचं गाव आहे. दोन खोल्या, भिंतीवर बाबासाहेब, बुद्ध, आणि खाली तो नवा फोटो. राजदीप दिवाळीपासून होळीपर्यंत कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर चिठ्ठ्या लिहायचा, बाकीचे महिने मिळेल ते काम. त्या महिन्यात फवारणीचं मिळालं. सात दिवस सलग पंप पाठीवर होता. त्याच्या बायकोने, मोनालीने, हे सगळं असं सांगितलं की जणू धीर आम्हालाच द्यायचा होता. काळा चहा केला.

मग तिने विचारलं, "तुमच्यातले पहिलवान कोन?"

मी हात वर केला. शाळेत करतात तसा. तिने मला वरून खालपर्यंत पाहिलं आणि तिला हसू आलं. पदर तोंडाला लावून हसली आणि त्यातच रडू आलं. भैरवी तिच्याजवळ जाऊन बसली.

"त्याईले मालूम होतं," ती म्हणाली. "मले म्हनत, हा पहिलवान कोनीतरी म्हातारा मास्तर हाय. एकटा असन. म्हनून त्याले सकायचं काम देल्लं, म्हने, का उठाले काही तरी पाह्यजे. थंडीत मी म्हनलं, काहून उठवता त्या बुढ्याले सहाले? त मले म्हने, नाही उठवलं त झोपूनच राहीन थो."

भैरवीने विचारलं, "त्या दिवशी त्यांनी खरं आहे असं का लिहिलं नाही, मोनाली? आम्ही सगळे हसलो."

"मीबी म्हनलं न ताई. म्हनलं, लिहा त्यायले खरं, वैद्य हाय न तिथं कोनी. त म्हने, लोकं तिथं चार घटका बरं वाटाले येते. मी कायले माह्यं तिथं नेऊ." ती कपबशा उचलायला लागली. "आनि त्याईले वाटलं, होते सकायलोक बरं. जिनिंगमध्ये बी डोये चुरचुरतच होते दरसाल."

नसलेगावात आता तिसरा नियम आहे. कडी वाजवणाऱ्याची कडी कोण वाजवणार, हे गटाच्या पाटीवर नावासकट लिहिलेलं असतं, आणि दर महिन्याला बदलतं. ते आधी सुचायला हवं होतं. मोनालीला आम्ही गटात या म्हणालो. ती नको म्हणाली. तिचं बरोबर असावं.

त्या मंगळवारी संध्याकाळी तो मला जे बोलला ते फोनमध्ये आहे, तेवढं जसंच्या तसं उतरवतो.

"पहिलवान, उद्या दोन पाव्हणे येऊन राह्यले. पानपोईवर तुमी बसता का?"

"बसतो. पण मला जमेल का?"

"जमते. घाई नका करू फक्त."

"बरं. तुम्ही कुठं चालले?"

"कोठी नाही. पडतो जरा."

"पडा. इकडे आभाळ आलं. तिकडे?"

"इकडेबी. कपडे हायेत दोरीवर, काहाडाले सांगतो."

"सांगा. भिजतीन."

"हो."

"बरं मग."

"बरं."