बिरू धनगराची पकड

गेल्या रविवारी कुंभारीच्या पुढे, जुन्या हद्दीलगतच्या एका गावात गेले होते. इकडच्या एका कबड्डी मंडळाची स्मरणिका निघतेय आणि जुन्या संघांची माहिती जमवायचं काम पीटीची बाई म्हणून माझ्या गळ्यात पडलंय...

तीसच्या दशकात ही हद्द खरीखुरी होती. अलीकडे इंग्रजांचा मुलूख, पलीकडे निजामाचा, म्हणजे लोकांच्या बोलण्यातली मोगलाई. मध्ये नाका, नाक्यावर शिपाई. पण हुतूतूचे संघ एकमेकांच्या जत्रांना हटकून जायचे, जिद्दीनं खेळायचे आणि कधीकधी भांडायचेही.

मी गेले होते सिद्धप्पाकाकांकडे. वय ऐंशीच्या पुढे. त्यांचे वडील बिरू म्हणजे पलीकडच्या संघाचा नावाजलेला गडी. मेंढरं राखायचा आणि पकड अशी, की त्याच्या हातात पाय सापडला की सुटका नाही.

चहा झाल्यावर काकांनी विचारलं, "तुमी कुनाच्या, बाई?" मी आजोबांचं नाव सांगितलं. काकांनी कप खाली ठेवला आणि एक जुनी गोष्ट सांगायला घेतली...

आमच्या घरी एवढंच माहीत होतं, की अप्पांचा, म्हणजे आजोबांचा, पाय तरुणपणी हुतूतूत मोडला आणि कायमचा आखूड राहिला. मोगलाईतल्या कुणीतरी मोडला म्हणे. आजी त्या न पाहिलेल्या माणसाला शिव्या घालायची. अप्पा मुळातच अबोल, ते काहीच बोलायचे नाहीत.

तो माणूस म्हणजे बिरू.

जत्रेचा सामना होता, पलीकडच्या गावात. अप्पा चढाईला गेले, बिरूनं घोटा धरला, वर चौघं पडले आणि हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मुद्दाम मोडला म्हणत अप्पांच्या गावकऱ्यांनी काठ्या उगारल्या.

बिरू पळाला नाही. उगारलेल्या काठ्यांतल्याच दोन त्यानं मागून घेतल्या, अप्पांच्या पायाला दोन्ही बाजूंनी लावल्या आणि डोक्याचा पटका सोडून घट्ट बांधल्या. मग बाज मागवली. सोलापूरच्या दवाखान्यापर्यंत दोन्ही संघांनी आळीपाळीनं खांदा दिला... बिरूनं मात्र आपली बाजू शेवटपर्यंत कुणाला दिली नाही.

नाक्यावर शिपायानं अडवलं. हा तुझा कोण लागतो, म्हणून दरडावलं. बिरू म्हणाला, "पाय मी मोडलाय. दवाखान्यात बी मीच न्हेनार." शिपाई बाजूला झाला.

पुढे सुगी आली. अप्पा अंथरुणात, ज्वारी रानात उभी. एका सकाळी बिरूचा अख्खा संघ हद्द ओलांडून आला. त्यांनी ज्वारी काढली, मळली, धान्य घरात आणून टाकलं आणि पणजीच्या हातची भाकरी खाऊन परत गेले. आजी लग्न होऊन आली ती यानंतर. तिला हे कुणी सांगितलंच नाही...

अप्पा पुन्हा खेळू शकले नाहीत. म्हणून पुढच्या जत्रेत बिरूनं त्यांना पंच व्हायला बोलावलं. त्याच्याच गावचे लोक कुरकुरले. ज्याचा पाय आपण मोडला तो आपल्याला न्याय देईल का, असं त्यांचं म्हणणं. बिरूनं ऐकलं नाही.

सामना अगदी चुरशीचा झाला. शेवटची चढाई बिरूची. तो गडी मारून परतला, लोक नाचायला लागले... आणि अप्पांनी हात वर केला. रेषेला पोचण्याआधीच 'हुतूतू' म्हणतानाचा दम तुटला होता. बिरू बाद.

मैदान पेटलं. पायाचा सूड काढला, असं लोक उघड म्हणायला लागले. अप्पा काठीवर भार देऊन एकटेच उभे होते. बिरू चालत त्यांच्यापर्यंत गेला, लोकांकडे वळला आणि म्हणाला, "दम माजाच तुटला. मला ठावं हाय की." मग शेजारी जाऊन उभा राहिला. त्या दिवशी त्याचा संघ हरला.

काका म्हणाले, त्यानंतर हद्दीच्या दोन्ही बाजूंना मोठा सामना असला की पंच म्हणून अप्पांनाच बोलावणं जायचं, आणि त्यांना न्यायला बिरूच गावाच्या वेशीपर्यंत यायचा.

मी काही लिहून घेतलंच नाही.

निघताना काकांच्या पाया पडले. ते संकोचून मागे सरकले. म्हटलं, राहू द्या काका, हा अप्पांचा नमस्कार आहे, तुमच्या वडिलांना.