जॉर्जेट आणि दुकानाची पाटी

"आर म्हंजे राजरत्न, एच म्हंजे हनुमंत. मग मशीन कोण चालवतंय? झेड का?"

द्रौपदाबाईंनी ओठात धरलेली टाचणी काढून मनगटावर बांधलेल्या टाचण्यांच्या उशीत खुपसली. ती उशी आपल्याच दंडावर बांधलेली आहे असं वाटून राजरत्न जरा मागे सरकला.

"आई, ब्रँड असतोय तो. 'आर. एच. फॅशन'. मंचरला असंच चालतं."

"चालू दे. तुला सदऱ्याचं बटण लावता येतं का, तेवढं सांग."

"माझं ऐकता का कुणी?" हनुमंतरावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. एसटीत कंडक्टर म्हणून उभा जन्म गेला होता. घरातही ते शेवटच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असंच बोलत. "'हनुमंत लेडीज टेलर' टाका. बाप्याचं नाव असलं की दुकानाला वजन येतं."

"लेडीज टेलर म्हणून मापं घ्यायला तुमी बसणार का? बाया खराटा घेऊन येतील."

हनुमंतरावांनी वर्तमानपत्र पुन्हा वर घेतलं.

अवसरी बुद्रुकच्या त्या घरात सकाळपासून हेच चाललं होतं. मंचरच्या स्टँडजवळ गाळा मिळाला होता, मशीन हलवायची तेवढी बाकी होती, आणि पेंटर पाटीला रंगाचा हात मारून बसला होता. दुपारपर्यंत नाव कळवा, नाहीतर मी दुसऱ्याचं काम धरतो, असा त्याचा निरोप होता.

द्रौपदाबाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा त्यांना फाटलेलं टाचण्यापलीकडे शिवणातलं काही येत नव्हतं. सासूच्या चोळ्या उसवून त्या तुकडे जमिनीवर मांडायच्या, कुठला तुकडा कुठं जातो ते बघायच्या आणि पुन्हा जोडायच्या. दोन चोळ्या जोडल्यावर सासूच्या अंगात जाईनात. तिसरी मात्र अशी बसली, की सासूबाई ती घालून साऱ्या आळीत फिरून आल्या. ओसरीवर मशीन आली ती त्यानंतर. पुढं पुढं तर पाठीमागून खोल आणि खांद्याला न घसरणारा जो गळा द्रौपदाबाईंनी काढला, त्याला आसपासच्या गावांत 'द्रौपदाचा गळा' असंच म्हणू लागले. मंचरचे दुसरे शिंपीसुद्धा गिऱ्हाइकाला विचारत, "साधा टाकू का द्रौपदाचा?" घरात मात्र हे कुणाच्या गावीही नव्हतं. घरच्यांच्या लेखी ती आई होती, बायको होती, आणि रिकाम्या वेळात शिवत होती.

त्यांचा जीव होता तो जॉर्जेटवर. सगळे शिंपी ज्या कापडाला शिव्या घालतात, ते हे. हातात धरावं तर निसटतं, कात्री लावावी तर सरकतं. द्रौपदाबाई त्याच्याखाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून टीप मारायच्या आणि मग कागद फाडून काढायच्या. एकदा कागद काढायचा राहिला. सरपंचबाई भर लग्नात दंड खाजवून हैराण झाल्या आणि घरी जाऊन बघतात तो बाहीत 'तेराव्याचा कार्यक्रम' निघाला. तेव्हापासून द्रौपदाबाई निधनवार्तेचं पान मशीनजवळ येऊ देत नाहीत.

त्यांची लग्नातली पांढरी साडी जॉर्जेटचीच होती, अस्सल रेशमाची. सासऱ्यांनी ती कुंडलिकशेटच्या दुकानातून घेतली होती. कुंडलिकशेट म्हणाले होते, "हे साधं कापड नाय, पावणं. इंग्लंडचा जॉर्ज राजा आपल्याकडं आला, तवा त्याच्या राणीसाठी विणलं. म्हणून जॉर्जेट." द्रौपदाबाईंनी ती गोष्ट पदरात बांधून घेतली आणि वर्षानुवर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवली. ऐकवता ऐकवता राजाच्या सोबत हत्ती आला, राणीला उन्हाळा बाधला, आणि अंगाला टोचणार नाही असं कापड शोधायला शिपाई सुटले. आता तर राणी जुन्नरवरून गेल्याचंही त्या सांगू लागल्या होत्या.

"आत्या," सून यशोधरा मोबाईलवरून मान वर न करता म्हणाली. उद्घाटनासाठी ती कापडांचे फोटो काढून खाली माहिती टाकत होती. "जॉर्जेटचं राजाबिजाचं काय नाय हो."

"काय नाय म्हंजे?"

"हितं लिहिलंय, नाव एका बाईवरून पडलं. फ्रान्समधली. जॉर्जेट नाव व्हतं तिचं. शंभरेक वर्षं झाली."

"राणीच असंल ती."

"राणी न्हाई. कपडे शिवायची."

हनुमंतरावांच्या वर्तमानपत्राआडून हसण्याचा आवाज आला. "गेला का तुमचा हत्ती?"

द्रौपदाबाईंचा चेहरा पडला. इतक्या बायकांना सांगितलेली राणी एका झटक्यात गेली होती. त्यांनी पुढ्यातलं जॉर्जेट उचललं, चुरगाळून मुठीत धरलं आणि सोडलं. ते नेहमीसारखं हळूच उलगडत मांडीवर पसरलं.

"शिवायची म्हंजे? शिंपीण?"

"हा. शिंपीणच."

"तिच्या नवऱ्याचं नाव काय?"

यशोधरानं स्क्रीनवर बोट वरखाली केलं. "नवऱ्याचं काय लिहिलं नाय."

"पोराचं?"

"पोराचंबी नाय."

"नीट बघ. कुणाचं तरी असंल. बापाचं, दिराचं."

"न्हाई हो आत्या. नुसतं तिचंच हाय."

द्रौपदाबाईंनी मांडीवरचं जॉर्जेट तळहातानं सपाट केलं. राजरत्नला वाटलं, आईला वाईट वाटलंय. आता आपलं काम होऊन जाईल. त्यानं मोबाईल काढला.

"मग आई, पेंटरला सांगू ना? आर. एच. च बरं दिसंल. पायजे तर खाली बारीक अक्षरात 'प्रोप्रायटर सौ.' असं टाकू."

"सौ. काय?"

"सौ. द्रौपदा हनुमंत..."

"पुन्हा आले का हे?"

हनुमंतरावांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "अगं, माझं नाव काय तुला जड झालंय का?"

"जड कशाला? रेशनकार्डावर हाय, आधारावर हाय, लाइटच्या बिलावर तर नुसतं तुमचंच हाय. तितं मी कधी काय म्हणाले का?"

यशोधरा हसू दाबायला उठून पाणी प्यायला गेली.

पेंटरचा फोन आला. राजरत्ननं बापाकडं बघितलं, बापानं आढ्याकडं. द्रौपदाबाईंनी सुईत दोरा ओवला, गाठ मारली, उरलेला दोरा दातानं तोडला आणि हात पुढं केला. राजरत्ननं मुकाट्यानं मोबाईल त्यांच्या हातात दिला.

"हा, बोला भाऊ. 'द्रौपदा' लिहा. पुढं काय नाय, मागं काय नाय. खाली 'जॉर्जेटचे ब्लाऊज शिवून मिळतील'. अक्षर मोठं काढा, एसटीतून वाचता आलं पायजे."

त्यांनी मोबाईल परत दिला आणि मशीनवर बसल्या.

"आन उद्यापासून मी दिवसभर दुकानात असणार," पाय हलवता हलवता त्या म्हणाल्या. "दुपारच्या भाकरी हे करतील."