उतारावरची देशसेवा

देशाचे परदेशी तेलावरचे अवलंबित्व कमी करण्याचे कार्य माझ्या वडिलांनी एकट्याने चालवले होते. काल टेकडीच्या उतारावर एक गृहस्थ स्कूटर बंद करून संथपणे घरंगळत गेले, तेव्हा ते आठवले. वडीलही उतार लागला की इंजिन बंद करत.

मागे बसलेली आई शाळेत शिकवायची. "अहो, घंटा होईल! चालणारेसुद्धा पुढे गेले."

"पेट्रोल बाहेरून येतं, बाई."

"आणि उशिराचा शेरा मला मिळतो."

पुढे उभ्या असलेल्या मला त्या शांततेत तिच्या पदराची फडफड ऐकू यायची.

आठवड्याचे वाचलेले पेट्रोल वडील रविवारी संपवत. काही काम नसताना आईला तलावापर्यंत फिरवून आणत. तेव्हा उतारावरही इंजिन चालू असे.